ऐकायला शिकवणारा माणूस

धम्मपाल वाहूळच्या कार्यशाळेत शाल मिळत नसे. नारळ नाही, गुच्छ नाही, दीपप्रज्वलन नाही, आणि प्रास्ताविक करायला कुणी उठलाच तर धम्मपाल त्याला हात धरून खाली बसवायचा. आमच्या विद्यापीठातल्या निम्म्या प्राध्यापकांचा त्याच्यावर राग होता तो मुळात एवढ्यासाठी. तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नंतरचा. आठवडाभर माणूस खुर्चीत बसणार आणि शेवटी गळ्यात काही पडणार नाही, फोटो निघणार नाही, मग तो आला कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

मी मुकुंद, पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी झाली, आधी निजामाच्या दफ्तरात आणि मग कलेक्टर कचेरीत. हातात खडू धरणारा मीच पहिला. त्यामुळे कागद कसा चालतो आणि कसा मुद्दाम अडकतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. धम्मपालला ते शेवटपर्यंत कळलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. भल्या माणसांचा हा अडाणीपणा दुसऱ्याच कुणाला तरी भोगावा लागतो, म्हणून मला त्याचा अजून राग येतो.

आमचं गोदातीर विद्यापीठ जालना रोडवर, शेंद्र्याच्या अलीकडे आहे. आधी नुसतं इंजिनिअरिंग कॉलेज होतं, मग संस्थाचालकांना विद्यापीठ झालं पाहिजे असं वाटलं आणि ते झालं. इमारती सगळ्या काचेच्या. एप्रिलमध्ये आत बसवत नाही, पण माहितीपुस्तिकेत छान दिसतात. ह्याच काचेत तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला धम्मपालचं अध्यापक विकास केंद्र होतं. एक खोली, बाकं, फळा, आणि पाण्याचा एक माठ.

धम्मपाल पैठणचा. वडील अप्पाराव पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते, आई पारूबाई धरणाजवळच्या बागेत रोजानं खुरपायला जायची. पोरगा डी.एड. झाला, बिडकीनच्या जिल्हा परिषद शाळेत लागला, आणि नोकरी करता करता बाहेरून एकेक परीक्षा देत शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करून आमच्याकडं आला. आला तो एक प्रश्न घेऊन, आणि हा प्रश्न तो कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारायचा.

"मुकुंदराव, मी बिडकीनला होतो तेव्हा केंद्रप्रमुख यायचे आन्‌ मागच्या बाकावर बसायचे. तास बघायचे. चुकलं तर सांगायचे. पहिलीला शिकवायला डी.एड. लागतं. मग एम.एस्सी.ला शिकवायला काय लागतं?"

"नेट-सेट," मी म्हणायचो.

"ते तर पेपर सोडवायला लागतं."

त्याचं खरं होतं. विद्यापीठात माणूस नोकरीला लागतो तेव्हा वर्गाचं दार लावून घेतो, ते निवृत्तीलाच उघडतो. मधल्या काळात आत काय चालतं ते फक्त मुलांना माहीत, आणि मुलांना कुणी विचारत नाही. विचारलंच तर फॉर्म देतात. मुलं सगळ्या रकान्यांत 'उत्कृष्ट' लिहून मोकळी होतात आणि कँटीनला जातात.

धम्मपालनं फॉर्म बंद केले. त्याची पद्धत अशी: प्राध्यापकानं आपला नेहमीचा तास आपल्याच मुलांपुढं घ्यायचा. बाकीचे प्राध्यापक मुलांच्या बाकांवर, मुलांमध्ये मिसळून बसणार. तास संपला की सरांनी समोर एका स्टुलावर बसायचं, हातात पाण्याचा ग्लास घ्यायचा, आणि मुलांनी बोलायचं. सगळी मुलं बोलून होईपर्यंत सरांनी एक अक्षर काढायचं नाही. फारच अंगावर आलं तर पाणी प्यायचं. ह्याला तो ऐकण्याचा तास म्हणायचा. आणि त्याचा एकच नियम होता: ह्या खोलीत बोललेलं ह्या खोलीच्या बाहेर जाणार नाही.

पहिल्या वर्षी मुलं काय बोलली? ती बोललीच नाहीत, त्यांनी मनोगतं दिली. आपल्याकडं पोराला उभं केलं की तो शाळेतल्या निरोप समारंभापासून पाठ असलेलं सुरू करतो. 'सर्वप्रथम मी आभार मानतो, सर आम्हाला वडिलांसारखे आहेत, सरांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही घडलो.' धम्मपाल शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं, हे झालं. आता आजच्या तासात तुला काय कळलं नाही ते सांग." असं एकदा, दोनदा, दहादा. माणसाची चिकाटी बघून मला दात दुखल्यासारखं व्हायचं.

पण मग मुलं बोलायला लागली. आमच्या रसायनशास्त्रात शंतनू म्हणून तरुण प्राध्यापक आहे, हुशार. त्याला एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं उत्तर चुकलं की तुम्ही हसता." बस, एवढंच. शंतनू पाणी प्यायला. त्या दिवशी जेवला नाही म्हणे. पण त्यानंतर त्याचं हसणं थांबलं आणि त्याच्या वर्गात हात वर व्हायला लागले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळं ती पद्धत थोतांड होती असं मला म्हणता येणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग मूल्यांकनाची समिती यायची ठरली आणि वरच्या मजल्यावर सगळ्यांना एकदम धम्मपाल आठवला. समितीला 'मेंटॉर' दाखवायचे होते. पीएच.डी.च्या प्रत्येक गाइडनं धम्मपालचा अभ्यासक्रम केलाच पाहिजे, नाही केला तर बढती नाही, असं परिपत्रक निघालं. धम्मपाल पेढे घेऊन माझ्याकडं आला.

"सक्तीचं झालं म्हणजे संपलं," मी म्हणालो. "आता हे लोक तुझ्याकडं शिकायला येणार नाहीत, प्रमाणपत्र न्यायला येतील."

"येऊ तर द्या. दाताच्या डॉक्टरकडं तरी कोण हौसेनं जातं?"

"डॉक्टर गुंगी देतो. तू देत नाहीस."

तो हसला. त्याला वाटलं मी नेहमीसारखी टिंगल करतोय.

आता गाइड ह्या प्राण्याबद्दल सांगायला हवं. आपल्याकडं गाइड अर्धा बाप असतो आणि अर्धा घरमालक. रविवारी शहागंजातून भाजी कुणी आणायची, सरांच्या पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला कुणी जायचं, सरांच्या मुलीला क्लासला कुणी सोडायचं, वास्तुशांतीला वाढायला कोण, हे सगळं संशोधक विद्यार्थ्यांमध्ये वाटलेलं असतं. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. आणि चारपाच वर्षं हे केलं की सर सही करतात आणि माणूस डॉक्टर होतो. ह्या व्यवहाराला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. पण त्यात एक गोष्ट होती: शेवटी सही व्हायची.

वनस्पतिशास्त्राचे डॉ. सुदर्शन देवगावकर ह्या व्यवहारातले अगदी सज्जन गृहस्थ होते. आवाज मऊ, कपडे इस्त्रीचे, शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. विद्यार्थी भाजी घेऊन आला तर आधी त्याला चहा देणार. फक्त प्रबंध वाचायचे नाहीत. वाचल्याशिवायच सही करायचे.

त्यांचा विद्यार्थी गोकुळ पठाडे. करमाडचा. मोसंबीच्या बागा वरून वाळत येतात त्या रोगाच्या बुरशीवर त्याचं काम होतं. स्वतः बागा फिरून नमुने आणायचा, लोक त्याला रोग दाखवायला बांधावरून हाका मारायचे. एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवत होता आणि तिथं कायम व्हायला पीएच.डी. हवी होती. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झालेली, पुढच्या दिवाळीला ती संपणार. त्याच्या आत प्रबंध जमा झाला तर झाला, नाही तर सगळं काम पाण्यात. हे त्याला माहीत होतं, देवगावकरांना माहीत होतं, धम्मपाललाही माहीत होतं.

गाइडांच्या ऐकण्याच्या तासाला त्यांच्या विद्यार्थ्यांनी बोलायचं होतं. आदल्या दिवशी धम्मपालनं सगळ्या विद्यार्थ्यांना खोलीत बोलावलं. मी तिथं होतो, पुढच्या तासासाठी खडू मागायला गेलो होतो.

"मनात असेल ते बोला," तो सांगत होता. "तक्रार म्हणून नाय, गरज म्हणून बोला. आपल्याला काय पाहिजे ते सांगा."

गोकुळनं विचारलं, "सर, बोलू आम्ही. पण नंतर?"

"नंतरचं माझ्यावर."

हे त्यानं म्हणायला नको होतं. धम्मपालच्या हातात काय होतं? एक खोली आणि एक माठ.

दुसऱ्या दिवशी इतरांनी मनोगतं दिली. गोकुळ उभा राहिला तेव्हा घामानं भिजला होता, पण बोलला. "सर, तुमचा मला लई आधार आहे. पण माझ्या कामावर आपण एकदा पण बसून बोललो नाय. तुम्हाला घरी सोडायला गाडीत येतो तेव्हाच बोलणं होतं, आन्‌ तेव्हा तुमचा फोन चालू असतो. दुसरं प्रकरण देऊन वर्ष झालं. बाकी घरची कामं सांगा, मी नाय म्हणत नाय. फक्त एवढं वाचा सर. चुकलं असंल तर कळूं द्या."

देवगावकरांनी किती सुंदर ऐकलं म्हणून सांगू. मान किंचित कलती, नजर गोकुळच्या चेहऱ्यावर, हातातला ग्लास तसाच. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. सगळे बोलून झाल्यावर उठले, गोकुळला जवळ घेतलं आणि म्हणाले, "तू आज मला शिकवलंस." खोलीतल्या दोन मॅडमनी डोळे पुसले. धम्मपाल त्या दिवशी हवेत होता. माझ्या स्कूटरवर मागं बसून सिडकोपर्यंत तेच बोलत राहिला.

आणि देवगावकर खरंच बदलले. ते वाचायला लागले.

पंधरवड्यात गोकुळला दुसरं प्रकरण परत मिळालं, सोबत टाइप केलेला सविस्तर अभिप्राय. धम्मपाल अभ्यासक्रमात शिकवायचा तसाच: आधी चांगलं काय ते, मग सुधारणा, प्रत्येक मुद्द्याला पान क्रमांक, भाषा सौम्य, शेवटी धीर देणारं वाक्य. धम्मपालनं ते कागद कँटीनच्या टेबलावर पसरून मला दाखवले. चेहरा असा की मुलीचं लग्न ठरलंय.

"बघा. म्हणत होते ना तुम्ही, माणसं बदलत नाहीत."

मी वाचलं. माझ्या आजोबांनी तो कागद वाचला असता तर त्यांनी टोपी काढून सलाम केला असता. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. नमुने आणखी एका हंगामाचे हवेत. बरोबर. जालन्याकडच्या बागांशी तुलना हवी. बरोबर. संदर्भ नव्या पद्धतीनं लावावेत. तेही बरोबर.

"हा त्याला अडवतोय," मी म्हणालो.

"तुम्हाला सगळीकडं कचेरीच दिसते."

"हंगाम कधी येतो मोसंबीचा? आणि दिवाळी कधी आहे?"

धम्मपाल माझ्यावर चिडला. म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळं कुणी सुधारायला धजत नाही. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. उलट गोकुळला सांगितलं, सर मनापासून वाचतायत, तूही मनापासून कर. आणि गोकुळनं ते केलं. उन्हाळाभर तो जालन्याकडच्या बागा फिरला. नमुने आणले, तपासले, लिहिलं, दिलं.

पुन्हा पंधरवड्यात अभिप्राय आला. पहिल्यापेक्षाही प्रेमळ. 'गोकुळ, तुझ्या कष्टांचं कौतुक वाटतं.' आणि खाली नवे मुद्दे. ते केले की आणखी नवे. श्रावणात सांगितलं की तिसरं आणि चौथं प्रकरण एकत्र कर. त्यानं केलं. पितृपक्षात सांगितलं की ते वेगळं केलंस तर जास्त स्पष्ट होईल.

त्याच उन्हाळ्यात देवगावकरांचा दुसरा विद्यार्थी, कृष्णा, डॉक्टर झाला. तो ऐकण्याच्या तासाला उभा राहून 'सर वडिलांसारखे' म्हणाला होता. त्याच्या प्रबंधाचं एक पानसुद्धा सरांनी वाचलं नाही, नेहमीप्रमाणं सही केली. त्याच्या मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना स्टेशनवरून आणायला गोकुळच गेला होता.

प्रकरणं पुन्हा वेगळी करायला सांगितली त्या दिवशी धम्मपालला कळलं. तो तडक देवगावकरांच्या केबिनमध्ये गेला. काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना हात टेबलावर आपटत होता.

"मी म्हणालो, सर, पोराला सोडा. चुकला असेल तर मी माफी मागतो त्याच्या वतीनं. तर मला म्हणतात, 'वाहूळ सर, माफी कसली? मी रागावलेलो नाही. तुम्हीच शिकवलंत, मेंटॉरनं विद्यार्थ्याला त्याच्या क्षमतेच्या पुढं न्यायचं असतं. आधी मी वाचत नव्हतो, ती माझी चूक होती. आता वाचतो तर तुम्ही म्हणता सोडा.' आन्‌ चहा मागवला माझ्यासाठी, मुकुंदराव. चहा मागवला."

"प्यालास?"

"प्यालो. काय करू?"

गाइड बदलायचा तर जुन्या गाइडची ना हरकत लागते. देवगावकरांनी हरकतही घेतली नाही आणि ना हरकतही दिली नाही. म्हणाले, एवढं झालेलं काम दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे विद्यार्थ्यावर अन्याय. धम्मपाल ह्या दारातून त्या दारात फिरला. कुलसचिव म्हणाले अधिष्ठात्यांना भेटा, अधिष्ठाता म्हणाल्या समितीपुढं ठेवा. ह्या धावपळीत त्याचं स्वतःचं काम मागं पडलं. त्याच्याकडं श्रेया नावाची एक मुलगी संशोधन करत होती, ती कागद घेऊन जिन्याशी उभी राहायची आणि तो 'उद्या, उद्या' करत निघून जायचा.

दिवाळीच्या आधी समिती बसली. विज्ञान शाखेतर्फे मी तीत होतो. अध्यक्ष आमच्या अधिष्ठाता, डॉ. वैदेही मॅडम. बाई वाईट नाहीत, हे लिहून ठेवतो. नियमाबाहेर कुणाचं वाईट केलं नाही आणि नियमाबाहेर कुणाचं भलंही केलं नाही. प्रश्न एकच होता: गोकुळला खास बाब म्हणून आणखी मुदत द्यायची का. त्यासाठी गाइडची शिफारस हवी. देवगावकरांनी लिहून दिलं होतं की विद्यार्थी कष्टाळू आहे, परंतु काम अद्याप अपेक्षित दर्जाचं नाही, आणि घाई करणं विद्यार्थ्याच्याच हिताचं ठरणार नाही. सोबत सगळे अभिप्राय तारखांसह जोडलेले. गठ्ठा चांगला जाड होता.

मॅडमनी धम्मपालला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. त्यांनी तो गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला.

"वाहूळ सर, ह्या विषयातलं आमच्यात सगळ्यात जास्त तुम्हाला कळतं. ह्या अभिप्रायांत काय चूक आहे?"

धम्मपालनं पानं उलटली. प्रत्येक पान त्याच्या ओळखीचं होतं, त्याच्याच पाठाबरहुकूम लिहिलेलं.

"चूक काही नाही," तो म्हणाला.

"मग?"

"हा माणूस त्या पोराला संपवतोय, मॅडम."

"हे तुमचं मत झालं. आधार?"

गोकुळ दाराशी बसला होता. देवगावकर समोर, मान कलती करून, तितक्याच सुंदर पद्धतीनं ऐकत होते. मी मनात म्हणत होतो, सांग, धम्मपाल, त्या खोलीत काय झालं ते सांग, त्याशिवाय ह्याला अर्थ लागत नाही. आणि तो गप्प होता, कारण तिथलं बाहेर जाणार नाही असा शब्द त्यानंच दिला होता. शेवटी गोकुळच म्हणाला, "सर, सांगा की. माझंच बोलणं हाय ते. माझी परवानगी हाय."

तेव्हा धम्मपालनं सांगितलं. गोकुळ काय बोलला, त्यानंतर अभिप्राय कसे सुरू झाले, गप्प बसलेल्या कृष्णाला सही कशी मिळाली, सगळं. चांगलं सांगितलं. मला वाटलं, जमलं.

देवगावकरांनी चष्मा काढला. आवाज इतका हळू की आम्हाला पुढं वाकावं लागलं. "मॅडम, त्या खोलीत मी जे ऐकून घेतलं ते एका विश्वासानं. तिथलं बाहेर जाणार नाही, असं वाहूळ सरांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. गोकुळनं त्याच्यापुरती परवानगी दिली. मला कुणी विचारलं नाही. आज इथं माझ्या चारित्र्याची चर्चा झाली. मी काही म्हणत नाही. फक्त ह्यापुढं कुठल्या गाइडनं त्या खोलीत मोकळेपणानं बसावं, एवढं मला सांगा."

त्यानंतर गोकुळबद्दल कुणी बोललंच नाही. चर्चा धम्मपालनं नियम मोडला त्यावर गेली. मुदतवाढीला माझा एकट्याचा हात वर होता. तो हात मी बराच वेळ खाली घेतला नाही, पण त्यानं काय होतंय.

बाहेर व्हरांड्यात धम्मपाल गोकुळपाशी गेला. मला वाटलं पोरगा रडेल किंवा शिव्या देईल. मी असतो तर दिल्या असत्या. गोकुळ म्हणाला, "जाऊं द्या सर. तुम्ही लई केलं." आणि हेल्मेट घालून करमाडला गेला. पुढं त्याचे कॉलेजातले तासही गेले, पीएच.डी. झालेला मिळाल्यावर नुसत्या एम.एस्सी.ला कोण ठेवणार? सध्या शेंद्र्याला एका कंपनीत माल मोजून घेतो. मोसंबीवाले अजून त्याला रोग दाखवायला बोलावतात असं ऐकलं.

धम्मपालला लेखी समज मिळाली. केंद्र काढून घेतलं नाही, तसं केलं तर वाईट दिसतं. 'बळकटीकरणासाठी' त्याच्या वर एक संचालक नेमला. डॉ. सुदर्शन देवगावकर. ह्या अभ्यासक्रमाचा सर्वात जास्त उपयोग करून घेतलेला माणूस म्हणून त्यांचं नाव सुचवलं गेलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते खरंही होतं. मूल्यांकन समितीपुढं त्यांनी ते अभिप्राय नमुना म्हणून ठेवले. समिती खूश झाली. आता केंद्रात दीपप्रज्वलन असतं आणि शालही मिळते.

मी धम्मपालला म्हणालो, केंद्राचा राजीनामा दे, नुसता शिक्षणशास्त्राचा विभाग सांभाळ. तो म्हणाला, "मी गेलो तर ऐकण्याचा तास बंद पडंल." अजूनही त्याला तेच. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

ह्या फेब्रुवारीत देवगावकरांनी ठरवलं की केंद्रातल्या लोकांनीही तासाला सामोरं जावं. सुरुवात वाहूळ सरांपासून. धम्मपाल खूश झाला. आपल्या मुलांना बोलू दे म्हणाला, त्याशिवाय मला तरी कसं कळणार. मीही जाऊन बसलो. समोर स्टुलावर धम्मपाल, हातात ग्लास. पहिल्यांदा श्रेयाला उठवलं.

ही मुलगी आठवड्याभरापूर्वी माझ्याकडं येऊन रडून गेली होती. तिचं प्रकरण धम्मपालकडं चार-पाच महिने पडून होतं. गोकुळसाठी धावताना ते मागं राहिलं आणि नंतर त्याचं कशातच मन लागेना. मीच तिला म्हणालो होतो, त्याला तोंडावर सांग, तो ऐकून घेणारा माणूस आहे, सगळ्या विद्यापीठात असा दुसरा नाही.

श्रेया उभी राहिली. हात पाठीमागं बांधले. "सर्वप्रथम मी संचालक सरांचे आभार मानते. वाहूळ सर आम्हाला वडिलांसारखे आहेत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही घडलो, घडत आहोत." मग सरांचा साधेपणा, सरांची शिस्त, सरांचा वेळ देण्याचा स्वभाव. हे शेवटचं तिनं खाली बघून म्हटलं.

धम्मपालनं वाट पाहिली. मग नियम मोडून तो बोलला. "बरं, हे झालं. आता तुला काय पाहिजे ते सांग."

"काही नाही, सर. सगळं छान चाललंय."

देवगावकरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. धम्मपाल पाणी प्यायला, पूर्ण ग्लास.

सगळे गेल्यावर तो तिच्याजवळ आला. मी दप्तर आवरत होतो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती विनवणी होती.

"श्रेया, तुझं प्रकरण माझ्याकडं पडून आहे. मला ठाऊक आहे. तू बोलली का नाहीस? मी काय देवगावकर आहे का?"

तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं. घाबरलेली नव्हती, लाजलेलीही नव्हती.

"तुमची सही व्हायची आहे अजून, सर," ती म्हणाली.